महिकावतीची बखर वाचायला घेताना

उत्तर कोकणातल्या बऱ्याच घरांत एक वाक्य ऐकू येतं: "आपण मूळचे गुजरातेतल्या चांपानेरचे, बिंबराजाबरोबर आलो." वसईत म्हणतात, पालघर-केळव्याकडे म्हणतात, दादर-माहीमच्या जुन्या वाड्यांतही म्हणतात. विचारलं, कुठे लिहिलंय, की उत्तर ठरलेलं: "बखरीत आहे." ती बखर उघडून पाहिलेला माणूस मात्र त्या घरात सहसा सापडत नाही. हे लिखाण त्याच माणसासाठी आहे, म्हणजे ज्याला आता ती उघडून पाहायची आहे त्याच्यासाठी.

बखर म्हणजे महिकावतीची बखर, ऊर्फ माहीमची बखर. मराठीत बखरी पुष्कळ आहेत, पण बहुतेक शिवकाळानंतरच्या. सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची, पानिपतावरच्या १७६१ नंतरच्या. महिकावतीच्या बखरीचा सर्वांत जुना भाग मात्र शके १३७० चा, म्हणजे १४४८ सालचा आहे. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी, गुजरातच्या सुलतानाच्या अमलाखाली राहून, कुणीतरी मराठीत लिहून ठेवलं की आपला मुलूख कुणी वसवला, आपण कोण, आपली कुळं कोणती. त्यात राजे आहेत, देवीचे दृष्टान्त आहेत, गावांच्या आणि गोत्रांच्या याद्या आहेत, आणि हे सगळं एकाच दमात सांगितलेलं आहे. दंतकथा कुठे संपली आणि इतिहास कुठे सुरू झाला हे सांगायची लेखकाला गरज वाटली नाही. ते काम आपलं.

आधी प्रत हातात घ्या

विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी संपादून १९२४ साली छापलेली आवृत्ती मिळवा. पुढे जे काही लिहिलं गेलं ते सगळं तिच्यावर उभं आहे. ठाण्याच्या, मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांत किंवा पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा. पीडीएफही फिरत असतात, पण पानांचे क्रमांक सलग आहेत ना ते पाहून घ्या. माझ्याकडच्या झेरॉक्समध्ये चार पानं दोनदा होती आणि दोन नव्हतीच. ते मला तिसऱ्या वाचनात कळलं, तोवर त्या गाळलेल्या मजकुरावर मी एक सिद्धान्तही बांधून झालो होतो.

या आवृत्तीला राजवाड्यांची लांबलचक प्रस्तावना आहे. ती आधी वाचू नका. हा सल्ला उद्धट वाटेल, पण राजवाडे फार जबरदस्त लिहितात. एकदा त्यांची प्रस्तावना डोक्यात शिरली की बखरीत तुम्हाला फक्त त्यांनी दाखवलेलंच दिसतं. उत्तर कोकणात एवढे राजे आले-गेले तरी सामान्य माणूस ढिम्म का राहिला, अन्न मुबलक होतं म्हणून त्याला राज्याची फिकीर नव्हती का, असा मोठा डाव ते तिथे मांडतात. वाचनीय आहे, भांडण्यासारखंही आहे, पण ते १९२४ सालच्या राजवाड्यांचं म्हणणं आहे, १४४८ च्या लेखकाचं नाही. आधी मूळ, मग प्रस्तावना, मग पुन्हा मूळ.

गंमत अशी की बखरींची सर्वांत कडक झडती घेणारा माणूसही हाच. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढताना त्यांनी पानिपतच्या बखरी अस्सल पत्रांशेजारी ठेवल्या आणि बखरकारांच्या तारखा, आकडे, प्रसंग एकामागोमाग एक निकालात काढले. तोच माणूस मृत्यूच्या दोन वर्षं आधी एका बखरीवर एवढा जीव लावतो. या दोन्ही राजवाड्यांना शेजारी बसवून वाचता आलं तर बखर वाचण्याची रीत अर्धी शिकून झाली.

मग थर वेगळे करा

ही बखर एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नाही. सहा प्रकरणं आहेत, काही गद्य, काही ओवीबद्ध. दुसरं आणि तिसरं प्रकरण केशवाचार्याचं, शके १३७० चं. पहिलं आणि चौथं भगवान दत्त नावाच्या लेखकाचं, शके १५०० चं, म्हणजे १५७८ चं. बाकीची प्रकरणं आणखी निराळ्या हातांची. म्हणजे पुस्तक उघडल्यावर पहिल्या पानावर भेटणारा लेखक हा दुसऱ्या प्रकरणातल्या लेखकाच्या एकशेतीस वर्षं नंतरचा आहे! नवखा वाचक पानं क्रमाने उलटतो आणि दोन शतकांची खिचडी करून बसतो.

तेव्हा वाचायला सुरुवात दुसऱ्या प्रकरणापासून करा. पेन्सिलीने समासात थराची खूण करत चला: केशवाचार्यासाठी 'के', भगवान दत्तासाठी 'भ', उरलेल्यांसाठी प्रश्नचिन्ह. प्रत वाचनालयाची असेल तर अर्थातच वहीत. खुणा करता करता लक्षात येतं की एकच गोष्ट दोन थरांत दोन तऱ्हांनी येते, आणि नंतरच्या थरात ती बहुधा फुगलेली असते.

हे थर का महत्त्वाचे, तर मधल्या काळात मुलखाचा मालक बदलला होता. १४४८ मध्ये गुजरातचे सुलतान होते. त्याआधी १४३० च्या आसपास बहमनी सरदाराने माहीम घेतलं होतं आणि गुजरातने ते परत मिळवलं होतं. १५३४ च्या तहाने वसई आणि आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. भगवान दत्त लिहीत होता तेव्हा वसईच्या किल्ल्यात फिरंगी बसला होता आणि चिमाजीअप्पाला यायला अजून एकशेएकसष्ट वर्षं होती. या दोन लेखकांना 'आपलं जुनं राज्य' आठवण्याची कारणं सारखी असणं शक्य नाही.

सन-शकांची कुस्ती

हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. थोडा वेळ द्या.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. पौष-माघ-फाल्गुनातली तिथी बहुधा पुढच्या इंग्रजी वर्षात पडते, तिथे ७९ मिळवायचे. शिवजन्माची तिथी घ्या: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. ७८ मिळवलेत तर १६२९ येतं आणि तुम्ही एक वर्ष चुकता. ७९ मिळवा, १६३०. शिवाय जुने लेखक कधी चालू शक देतात, कधी उलटून गेलेला, त्यामुळे एका वर्षाचा फरक दिसला म्हणून लगेच बखरकाराला खोटारडा ठरवू नका.

दुसऱ्या बखरी वाचायला घेतल्यात तर शुहूर सन भेटेल. तो मृग नक्षत्राला बदलतो. जून ते डिसेंबरसाठी ५९९, जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवा. फसलीला ५९० किंवा ५९१. राज्याभिषेक शकाचं पहिलं वर्ष १६७४-७५.

आता माझी आवडती चाळणी. बखरकार आणि जुने कागद शकाबरोबर संवत्सराचं नावही देतात. नक्कल करताना आकडा बिघडतो, कारण एखादा अंक पुसट असतो, मोडीतला फराटा वेगळा वाचला जातो. संवत्सराचं नाव मात्र अक्षरी असतं, ते सहसा बिघडत नाही. संवत्सरं साठ, प्रभवपासून क्षयपर्यंत. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. शून्य उरलं तर साठावं.

करून पाहू. राज्याभिषेक शके १५९६. बारा मिळवून १६०८. साठाने भागून बाकी ४८. अठ्ठेचाळिसावं संवत्सर आनंद. आणि राज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातच झाला. जमलं. आता शिवजन्म. उत्तरकालीन बखरींनी शके १५४९ दिलं, म्हणजे १६२७, आणि कित्येक पिढ्या तेच शिकल्या. शके १५४९ ला बाकी १, संवत्सर प्रभव. १९१६ साली लोकमान्य टिळकांमार्फत जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तारीखवार नोंदींची यादी, छापली गेली. तिच्यात शके १५५१, शुक्ल संवत्सर, वार आणि नक्षत्रासकट. १५५१ ला बाकी ३, तिसरं संवत्सर शुक्ल. दोन्ही तारखा आपापल्या घरात जुळतात. म्हणजे ही चाळणी खरं-खोटं ठरवत नाही, फक्त नकलेतली चूक पकडते. खरं कोणतं ते शिवभारत या शिवकालीन संस्कृत काव्यातल्या नोंदीने आणि जोधपूरला सापडलेल्या महाराजांच्या जन्मकुंडलीने ठरलं. दोन्ही १६३० च्या बाजूने आहेत.

महिकावतीच्या बखरीत दिसणाऱ्या प्रत्येक शकाला ही चाळणी लावा. केशवाचार्याच्या शके १३७० चं संवत्सर विभव येतं. प्रतापबिंबाच्या, म्हणजे सुरुवातीच्या त्या बिंबराजाच्या, कोकणावरच्या स्वारीच्या शके १०६० चं काळयुक्त. संवत्सर दिलं असेल आणि ते जुळत नसेल तर तिथे लाल खूण.

जागा ओळखा, पण घाई नको

बखरीतला प्रतापबिंब चांपानेरहून निघतो, दमणच्या बाजूने खाली उतरतो, तारापूर, माहीम करत ठाण्या-वाळकेश्वरापर्यंत मुलूख घेतो. हा मार्ग नकाशावर काढला की बखर एकदम जिवंत होते, कारण हा पश्चिम रेल्वेचाच रस्ता आहे.

पण माहीम दोन आहेत. एक मुंबईतलं, दुसरं पालघर तालुक्यातलं केळवे-माहीम. बखरीत 'माहीम' किंवा 'महिकावती' आलं की कुठलं, हे त्या त्या ठिकाणी शेजारच्या गावांवरून ठरवावं लागतं. शेजारी केळवे-तारापूर असेल तर वरचं, वाळकेश्वर-वरळी असेल तर खालचं. मी पहिल्या वाचनात सगळी माहिमं मुंबईची धरली आणि राजाला एका दिवसात पन्नास कोस पळवला. ही चूक माझ्या एकट्याची नाही. मुंबईचा जुना इतिहास सांगणारी बरीच पुस्तकं हे दोन गाव एकमेकांत मिसळतात, कारण राजधानी आपल्याकडे असलेली कुणाला नको असते?

'साष्टी' या नावापाशी थोडं जास्त थांबा. माझ्या मते सगळ्या बखरीतली ही सर्वांत मजेदार जागा आहे.

प्रतापबिंबाने बरोबर छासष्ट कुळं आणली असं बखर सांगते: सोमवंशी, सूर्यवंशी, शेषवंशी वगैरे. कुलवृत्तान्तांतून आणि लग्नपत्रिकांच्या गप्पांतून आजही मिरवतात ती हीच छासष्ट. आता भांडुपला सापडलेला, उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या छित्तराजाचा ताम्रपट घ्या. शके ९४८, म्हणजे १०२६ साल. त्यात ठाण्याजवळच्या या बेटाला 'षट्षष्टि' विषय, म्हणजे परगणा, म्हटलं आहे. षट्षष्टि म्हणजे छासष्ट. तेच नाव झिजून साष्टी झालं, आणि पोर्तुगीजांच्या तोंडी सालसेत. म्हणजे प्रतापबिंबाच्या शंभराहून अधिक वर्षं आधी छासष्टचा आकडा त्या भूमीच्या नावातच होता, बहुधा गावांच्या संख्येवरून.

आता खाली गोव्याला या. तिथेही साष्टी आहे. सह्याद्रिखंड या कोकणावरच्या पुराणग्रंथातली परंपरा सांगते की परशुरामाने आणलेल्या कुटुंबांपैकी छासष्ट साष्टीत वसली आणि तीस तिसवाडीत. राजा निराळा, आणणारा निराळा, जात निराळी, आकडा तोच!

कयास माझा असा की गोष्टीने नावाला जन्म दिलेला नाही, नावाने गोष्टीला दिला. गावाच्या नावात छासष्ट आहे, का आहे ते विसरलं गेलं, मग कुणीतरी छासष्ट कुळं आणून ती जागा भरली. याचा अर्थ स्थलांतर झालंच नाही असा मुळीच नाही. गुजरातेतून कोकणात माणसं शतकानुशतकं येत राहिली, भाषेत आणि आडनावांत त्याच्या खुणा आहेत. पण ती एका राजाच्या मागे, एका वर्षी, मोजून छासष्ट घरांनी आली, हे मात्र दंतकथेचं काम. सह्याद्रिखंडाची छापील आवृत्ती १८७७ साली काढणारे गोव्याचे जे. गर्सन द कुन्हा यांनीच पुढे १९०० साली मुंबईच्या उगमावर पुस्तक लिहिलं आणि त्यात बिंबाची परंपरा वापरली. दोन्ही छासष्ट एकाच माणसाच्या टेबलावरून गेले होते.

दगड आणि तांबं काय म्हणतं ते बघा

बखरीतलं प्रत्येक राज्यवर्ष समकालीन लेखांशी ताडून पाहा. उत्तर कोकणासाठी हे सोपं आहे, कारण ठाण्याच्या शिलाहारांनी भरपूर लेख कोरून ठेवले आहेत. वासुदेव विष्णु मिराशींनी ते एका खंडात एकत्र केले आहेत.

बखर म्हणते शके १०६० मध्ये प्रतापबिंबाने कोकण घेतलं. उरणजवळ चांजे गावी एक शिलालेख मिळाला, त्याचा शक नेमका १०६०! त्यात राज्य करतोय शिलाहार अपरादित्य, आणि आपल्या आईच्या पुण्यासाठी जमीन दान देतोय. हाच अपरादित्य याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या प्रसिद्ध टीकेचा कर्ता मानला जातो, काश्मीरच्या पंडितसभेत त्याने दूत पाठवला होता. राज्य गमावून परागंदा झालेल्या माणसाची ही लक्षणं नव्हेत. पुढे शके ११६१ चा भिवंडीजवळच्या चौधरपाड्याचा लेख केशिदेव शिलाहाराचा. उरणजवळच्या रानवडचा शके ११८१ चा लेख सोमेश्वराचा. मग यादव महादेवाने कोकण जिंकलं, सोमेश्वर समुद्रात बुडाला असं यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत आहे. आणि ठाण्याला मिळालेले ताम्रपट, शके ११९४ आणि १२१२ चे, यादव रामचंद्राच्या अमलातले.

मग बिंब राजे बसले कुठे? लेखांच्या या रांगेत त्यांच्या साम्राज्याला जागा उरत नाही. काही अभ्यासकांनी त्यांना छोट्या प्रदेशाचे सरदार मानलं, काहींनी दोन बिंब धरले: एक चांपानेरचा प्रतापबिंब, दुसरा देवगिरी पडल्यावर कोकणात उतरलेला रामदेवरावाचा मुलगा बिंबदेव. बखरीत दोन्ही आहेत. या दुसऱ्या बिंबाचा मागही तारखांनी घ्या, आणि अलाउद्दीनची देवगिरीवरची स्वारी १२९६ ची धरा. जुन्या मराठी पुस्तकांत १२९४ दिसतं, त्याला फसू नका. ठाण्यात तर शके १२१२ ला, म्हणजे १२९० लाच, यादवांचा अधिकारी हजर होता. यादवांना कोकणात येण्यासाठी देवगिरी पडण्याची वाट पाहावी लागली नव्हती.

इथे नवखे लोक दोन टोकांना जातात. एक म्हणतो, सगळी बखर खोटी, फेकून द्या. दुसरा म्हणतो, शिलालेख अपुरे आहेत, बखर खरी. मी वहीत तीन रकाने करतो. पहिल्यात लेखांनी दुजोरा दिलेल्या गोष्टी. दुसऱ्यात लेखांशी भिडणाऱ्या. तिसरा सर्वांत मोठा: ज्याबद्दल लेख गप्प आहेत. वतनं, देसायांची नावं, गावांची भांडणं, कुणाचं मानपान कुठे हे सगळं तिसऱ्यात जातं. राजाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं म्हणून त्याने ते दगडावर कोरलं नाही. बखरीची खरी दौलत त्या तिसऱ्या रकान्यात आहे.

आता दंतकथा वाचा

आतापर्यंत आपण दंतकथा बाजूला काढत होतो. आता ती टोपलीतून परत काढायची आणि नीट वाचायची.

केशवाचार्याच्या भागात प्रसंग आहे: महिकावती देवी दृष्टान्त देते. मालाडचा देसला (म्हणजे तिथला वतनदार अधिकारी) नायकोराव आणि केशवाचार्य यांना ती सांगते की महाराष्ट्रधर्म बुडत चालला आहे, तो राखा. मग लोक जमवले जातात, आणि ज्याची त्याची कुळं, गोत्रं, आचार, मानपान सांगितले जातात.

दृष्टान्त झाला का, हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. चार दुसरे प्रश्न विचारा. दृष्टान्त कुणाला झाला? देसल्याला आणि आचार्याला, म्हणजे वतनदाराला आणि शास्त्र सांगणाऱ्याला, भंडाऱ्याला किंवा कोळ्याला नाही. काय करायला सांगितलं? माणसं जमवायला आणि कुळांच्या याद्या पक्क्या करायला, लढायला नाही. कधी? सुलतानाचा अंमल बसून, मधे एक लढाई होऊन, मुलूख एकाच पिढीत हातोहात फिरल्यावर. आणि यादीत आलेल्याला काय मिळालं? आपला हक्क जुन्या राजाने दिलेला आहे असं म्हणायची सोय.

या चार उत्तरांनी दंतकथेचं पुराव्यात रूपांतर होतं. ११३८ सालचा नाही, १४४८ चा पुरावा. प्रतापबिंबाबद्दल ती फार थोडं सांगते, पण मालाडच्या देसल्याला आपलं आसन डळमळीत वाटत होतं हे अगदी स्वच्छ सांगते.

'महाराष्ट्रधर्म' या शब्दाशी जपून राहा. समर्थांच्या "महाराष्ट्र धर्म वाढवावा"च्या कितीतरी आधी तो इथे येतो, म्हणून अंगावर काटा येतो हे खरं. न्यायमूर्ती रानड्यांपासून राजवाड्यांपर्यंत सगळ्यांनी या शब्दाला राष्ट्राचं वजन दिलं. पण केशवाचार्याच्या पानावर तो शब्द ज्या गोष्टींच्या शेजारी बसतो त्या वाचा: गोत्र, प्रवर, कुळस्वामिनी, कुळाचार, कुणी कुणाकडे जेवावं. या देशाचा आचार, एवढाच त्याचा अर्थ तिथे मला दिसतो. पुढच्या शतकांनी त्यात भर घातली आणि मग तीच भर उलटी मागे नेऊन १४४८ च्या पानावर वाचली. शब्द तोच राहतो आणि आत भाडेकरू बदलतात, असं बखरीत पुष्कळदा घडतं.

आकडे आणि सोनं

थोडक्यात. बखरीतला मोठा आकडा हा मोजमाप नसून विशेषण असतो असं आधी धरून चाला. सभासद महाराजांच्या सिंहासनाला बत्तीस मण सोनं सांगतो आणि राज्याभिषेकाला एक कोट बेचाळीस लक्ष होन खर्च. सभासद हा काही ऐकीव लेखक नाही, तो दरबारातला माणूस, महाराजांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी जिंजीला राजारामांच्या आज्ञेवरून लिहिणारा. पण जिंजी वेढ्यात होती आणि मुलूख औरंगजेबाच्या तोंडात. अशा वेळी वाचणाऱ्याला आपल्या राज्याची शोभा आठवून देणं हेही त्या आकड्याचं काम होतं. बत्तीस हा आकडा आधीच कानावरचा आहे, सिंहासनबत्तिशी कुणाला ठाऊक नाही? प्रतापबिंबाच्या घोडदळाची संख्या वाचतानाही हाच हिशोब ठेवा.

घरच्या कुलवृत्तान्तासाठी वापरणार असाल तर

बहुतेक लोक या बखरीकडे याच कारणाने येतात, त्यात लाजायचं काही नाही. फक्त इतकं पाळा. आपलं आडनाव बखरीत दिसलं म्हणून बखरीतला माणूस आपला पूर्वज होत नाही. त्या काळी आडनाव म्हणून जे दिसतं ते कधी गाव असतं, कधी हुद्दा. देसला, चौधरी, पाटील, म्हात्रे ही कामं होती आणि ती एकाहून अधिक जातींकडे होती. वंशावळ आजपासून मागे काढत जा: सातबारा, जुने फेरफार, देवस्थानच्या वह्या, वसईकडे चर्चच्या नोंदी, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या. जिथे कागद संपतो तिथे ठळक रेघ मारा आणि रेघेपलीकडे 'बखरीतील परंपरा' असं मथळ्यात लिहा. माझ्या एका नातेवाइकांनी ती रेघ छापताना काढून टाकली, म्हणे शोभत नाही. आता त्यांच्या कुलवृत्तान्तात अकरा पिढ्यांत नऊशे वर्षं बसली आहेत, म्हणजे प्रत्येक बापाला मुलगा झाला तो ऐंशीच्या पुढे.

शेवटी पायी

एखाद्या रविवारी बोरिवलीजवळ एकसरला जाऊन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारक-दगड, पाहून या. शिलाहार-यादव काळातले उंच दगड आहेत, त्यावर गलबतांच्या रांगा कोरल्या आहेत, वल्ही मारणारे आहेत, पाण्यात पडणारे आहेत, वरच्या पट्टीत कैलासाला पोचलेले वीर आहेत. लढाई कुणाची, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कुणी सोमेश्वर-महादेवाची म्हणतात, कुणी दुसऱ्या राजांची. ऊन तिरकं पडतं तेव्हा जा, सकाळी आठच्या आसपास किंवा चारनंतर, नाहीतर कोरीव काम सपाट दिसतं. दुपारी मी गेलो होतो, मला फक्त शेंदूर दिसला.